ऑनलाइन दुकान, लहान

आंतरजालावर मांडलेल्या मालाच्या यादीवरून ग्राहकाने मागणी नोंदवावी आणि दुकानदाराने तो माल डाक अथवा कुरिअरने त्याच्या घरी पोहोचवावा, अशा पद्धतीने चालणारे किरकोळ विक्रीचे लहान दुकान. एक व्यक्ती, एक कुटुंब किंवा दोन-चार नोकर सांभाळू शकतील एवढाच त्याचा आकार असतो. अशा दुकानाची विक्री व त्याची कार्यक्षमता या दोन भिन्न गोष्टी होत. किती मागण्या नोंदल्या गेल्या, यावरून विक्रीचा अंदाज येतो. तर त्यांपैकी किती मागण्यांचा माल ग्राहकाने स्वीकारून ठेवून घेतला आणि सर्व खर्च वजा जाता किती रक्कम शिल्लक राहिली, यावरून कार्यक्षमता ठरते. मागण्या वाढत असतानाच दुकान तोट्यात जाणे शक्य असते. लहान दुकानाजवळ तोटा सोसण्याइतके भांडवल नसल्याने हा भेद त्याच्या दृष्टीने अस्तित्वाचा ठरतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : ग्राहक व दुकानदार यांची प्रत्यक्ष गाठ न पडता होणारी विक्री आंतरजालापूर्वीही प्रचलित होती. अमेरिकेत ॲरन माँटगोमेरी वॉर्ड याने १८७२ मध्ये शिकागो येथून वस्तूंची छापील यादी पाठवून डाकेने माल विकण्यास आरंभ केला. भारतात १८७७ मध्ये सुरू झालेल्या व्ही. पी. पद्धतीने अशा व्यवहाराला मोठा आधार दिला. पोस्टमनने पार्सल आणावे, ग्राहकाने किंमत चुकती करून ते सोडवून घ्यावे आणि डाकखात्याने ती रक्कम विक्रेत्याकडे पाठवावी, असे तिचे स्वरूप होते. पुस्तके, औषधे, घड्याळे इ. वस्तू या मार्गाने गावोगावी पोहोचत. ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ ही आजची पद्धत तत्त्वतः याच जातीची असून न सोडविलेले पार्सल परत येण्याचा धोकाही दोहोंत सारखाच आहे.

संगणकाच्या साहाय्याने घरबसल्या खरेदी करण्याचा प्रयोग मायकेल ऑल्ड्रिच या इंग्रज संशोधकाने १९७९ मध्ये केला. ‘वर्ल्ड वाइड वेब’च्या प्रसारानंतर १९९५ मध्ये ‘ॲमेझॉन’ व ‘ईबे’ या संकेतस्थळांवरून विक्री सुरू झाली. भारतात २००७ मध्ये ‘फ्लिपकार्ट’ने पुस्तकविक्रीने प्रारंभ केला व २०१० मध्ये माल मिळाल्यावर पैसे देण्याची सोय उपलब्ध केली. संगणकीय आज्ञावली न शिकताही दुकान उभारता येईल अशा तयार सेवा २००६ नंतर मिळू लागल्या. ‘शॉपिफाय’ ही त्यांपैकी एक होय. २०१६ मध्ये आलेल्या ‘यूपीआय’ प्रणालीमुळे भरणा सुलभ झाला. यामुळे दुकान उघडण्याचा खर्च अत्यंत कमी झाला. मात्र ते चालविण्याचा खर्च त्या प्रमाणात उतरला नाही. अनेक लहान दुकानदारांचा हिशेब चुकतो तो याच ठिकाणी.

दुकानाचे प्रकार : विक्रीचे तीन मार्ग सामान्यतः आढळतात : (१) मोठ्या सामाईक बाजारमंचावरील विक्री. येथे ग्राहक आयता मिळतो. परंतु प्रत्येक विक्रीमागे दलाली द्यावी लागते आणि ग्राहकाशी कायमचा संबंध जुळत नाही. (२) स्वतःचे संकेतस्थळ. यात दलाली नसते व जुना ग्राहक पुन्हा आपल्याकडेच येतो. पण ग्राहक आणण्याचा सर्व भार दुकानदारावर पडतो. (३) समाजमाध्यमे व संदेशसेवा यांवरील विक्री. ही सर्वांत स्वस्त असली, तरी प्रत्येक ग्राहकाशी स्वतंत्र बोलावे लागत असल्याने तीत वेळ फार जातो आणि नोंदी विस्कळीत राहतात. बहुतेक लहान दुकाने हे तिन्ही मार्ग एकत्र वापरतात. अशा वेळी मालाचा साठा एकाच नोंदवहीत ठेवणे आवश्यक असते. अन्यथा एकच वस्तू दोन ठिकाणी विकली जाऊन एका ग्राहकाची मागणी रद्द करावी लागते.

विक्रीचे गणित : दुकानाची विक्री म्हणजे भेट देणाऱ्यांची संख्या, त्यांपैकी खरेदी करणाऱ्यांचे प्रमाण आणि प्रत्येक मागणीची सरासरी रक्कम या तिहींचा गुणाकार होय. महिन्यास ५,००० भेटी, त्यांपैकी २ टक्के खरेदीदार व सरासरी १,२०० रु. ची मागणी असल्यास १०० मागण्या व १,२०,००० रु. ची नोंद होते. मात्र ही रक्कम दुकानदाराच्या हाती येत नाही. पार्सल न स्वीकारणे, माप न जुळणे, वाहतूक, वेष्टन व जाहिरात यांचा वाटा तीतून जातो.

कोल्हापुरी चपलांच्या एका कल्पित दुकानाचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. जोडाची विक्री-किंमत करांशिवाय १,२०० रु. व कारागिराला दिलेली किंमत ६५० रु. आहे. जाण्याची व परत येण्याची वाहतूक प्रत्येकी ९० रु., वेष्टन ४० रु., रोख वसुलीचा आकार प्रत्येक पोहोचलेल्या पार्सलामागे ४० रु. आणि आगाऊ भरण्याच्या मागणीवर देयकसेवेचा आकार २४ रु. आहे. जाहिरातीवर महिन्याला २०,००० रु. खर्च होतात. १०० मागण्यांपैकी ६० रोखीच्या व ४० आगाऊ भरण्याच्या आहेत. रोखीची १५ व आगाऊ भरण्याचे १ अशी १६ पार्सले न स्वीकारता परत येतात. पोहोचलेल्या ८४ पैकी ६ जोड माप न जुळल्याने परत होतात व त्यांचे पैसे परत द्यावे लागतात. अर्थात खरी विक्री ७८ जोडांचीच होते. परत आलेला माल पुन्हा विकण्याजोगा असतो, असे येथे धरले आहे.

या स्थितीत दुकानदारापुढे दोन मार्ग असतात. पहिला, जाहिरात दुप्पट करून मागण्या १५० पर्यंत नेणे. दुसरा, मागण्या १०० च ठेवून न स्वीकारलेली पार्सले १६ वरून ८ वर (रोखीची ७ व आगाऊ भरण्याचे १) आणि मापामुळे होणारी परती ६ वरून ३ वर आणणे. तिन्ही स्थितींचा हिशेब पुढील कोष्टकात दिला आहे.

कोष्टक : एका महिन्याचा हिशेब (रुपयांत)

| तपशील | मूळ स्थिती | जाहिरात दुप्पट | परती निम्मी |
|---|---|---|---|
| मागण्या | १०० | १५० | १०० |
| खरी विक्री (जोड) | ७८ | ११७ | ८९ |
| विक्री वजा खरेदी | ४२,९०० | ६४,३५० | ४८,९५० |
| वाहतूक (जाणे-येणे) | १०,९८० | १६,४७० | ९,९९० |
| वेष्टन | ४,००० | ६,००० | ४,००० |
| वसुली व देयकसेवा | २,७६० | ४,१४० | ३,०८० |
| जाहिरात | २०,००० | ४०,००० | २०,००० |
| शिल्लक | ५,१६० | तोटा २,२६० | ११,८८० |

पहिल्या मार्गाने विक्री दीडपट होऊनही दुकान तोट्यात गेले. दुसऱ्या मार्गाने एकही नवी मागणी न येता शिल्लक दुपटीहून अधिक झाली. याचे कारण सीमान्त खर्चात आहे. मूळ स्थितीत जाहिरात सोडून इतर सर्व खर्च वजा जाता प्रत्येक मागणीमागे सु. २५१ रु. उरतात. तेव्हा एका मागणीसाठी जाहिरातीवर करता येणाऱ्या खर्चाची ही कमाल मर्यादा ठरते. आरंभीच्या १०० मागण्यांना प्रत्येकी २०० रु. जाहिरात-खर्च आला होता. वाढीव ५० मागण्यांना मात्र प्रत्येकी ४०० रु. लागले. सहज वळणारे ग्राहक आधीच मिळालेले असल्याने पुढचा प्रत्येक ग्राहक अधिक महाग पडतो. याउलट, परती निम्मी झाल्यावर ही मर्यादा सु. ३१८ रु. पर्यंत वर जाते व जाहिरातीस वाव मिळतो. म्हणून आधी गळती रोखावी व नंतर ओघ वाढवावा, हा क्रम लहान दुकानास हितकारक असतो. घरभाडे, वीज व स्वतःच्या श्रमाचा मोबदला वरील शिलकेतूनच काढावयाचा असतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

मालाची माहिती : ऑनलाइन ग्राहकाला वस्तू हातात घेऊन पाहता येत नाही. छायाचित्र व वर्णन हीच त्याची पारख करण्याची साधने असतात. ती अपुरी असल्यास एकतर ग्राहक खरेदी करीत नाही, किंवा चुकीच्या अपेक्षेने खरेदी करून माल परत पाठवितो. कोल्हापुरी चप्पल वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेल्या चामड्याची असते. ती आरंभी काही दिवस पायाला लागते व वापराने मऊ पडते, पाण्यात भिजल्यास बिघडते आणि हाताने बनविलेली असल्याने दोन जोडांच्या रंगछटेत थोडा फरक असतो. या गोष्टी दुकानातील विक्रेता बोलण्याच्या ओघात सांगतो. ऑनलाइन दुकानात त्या लिहूनच सांगाव्या लागतात. असे दोष लपविल्याने मागणी वाढते, पण त्याबरोबर परतीही वाढते.

मापाच्या बाबतीत केवळ ‘७’ किंवा ‘८’ असा क्रमांक पुरेसा नसतो. कारण निरनिराळ्या उत्पादकांचे क्रमांक जुळत नाहीत. कागदावर पाऊल ठेवून टाच ते सर्वांत लांब बोट हे अंतर सेंटिमीटरमध्ये कसे मोजावे, ते सचित्र सांगून प्रत्येक क्रमांकापुढे तळाची आतील लांबी दिल्यास चुका कमी होतात. कापड, दागिने, भांडी इ. मालालाही हेच तत्त्व लागू पडते. साडीची लांबी, पोलक्याचे कापड जोडलेले आहे की नाही, भांड्याचे वजन व त्यात मावणारे लिटर हे तपशील दिलेले असल्यास ग्राहकाला प्रश्न विचारावे लागत नाहीत आणि दुकानदाराचा उत्तरे देण्याचा वेळ वाचतो. वारंवार येणारा प्रश्न हा वर्णनातील उणिवेचा निदर्शक समजून त्याचे उत्तर मूळ वर्णनातच घालणे ही साधी पण फलदायी सुधारणा होय.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर या जिल्ह्यांतील उत्पादनापुरते ते मर्यादित आहे. असे मानांकन असलेल्या मालाचे मूळ स्थान व कारागीर यांची खरी माहिती देणे हा लहान दुकानाचा एक विशेष लाभ ठरतो. मोठ्या बाजारमंचावरील स्वस्त नकलांशी त्याला किंमतीत स्पर्धा करता येत नाही. अस्सलपणाच्या बाबतीत मात्र करता येते.

संकेतस्थळाची रचना : भारतात बहुतेक ग्राहक मोबाइल फोनवरून दुकान पाहतात. त्यामुळे पान लवकर उघडणे महत्त्वाचे असते. पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, असा निकष गुगलने सुचविलेला आहे. लहान दुकानांची पाने बहुधा जड छायाचित्रांमुळे मंद होतात. फोनने काढलेले तीन-चार मेगाबाइटचे छायाचित्र योग्य आकारात आणून शे-दोनशे किलोबाइटचे केल्यास पडद्यावर फरक दिसत नाही. पण पान पुष्कळ लवकर उघडते. विनाकारण बसविलेल्या जोड-आज्ञावली काढून टाकणे हाही त्यावर उपाय आहे.

वस्तू टोपलीत टाकूनही खरेदी अर्धवट सोडणाऱ्या ग्राहकांचे प्रमाण अनेक अभ्यासांच्या सरासरीनुसार सु. ७० टक्के आढळते. वरील उदाहरणातील १०० मागण्यांमागे सु. ३३० जणांनी टोपलीत माल टाकलेला असतो, असा याचा अर्थ होतो. त्यांतील कित्येक जण केवळ पाहण्यासाठी आलेले असतात. त्यांच्याबाबत काही करता येत नाही. परंतु शेवटच्या टप्प्यावर अचानक वाढलेला वाहतूक-खर्च, खाते उघडण्याची सक्ती, लांबलचक प्रपत्र आणि माल केव्हा मिळेल याविषयीची अनिश्चितता ही कारणे दूर करण्याजोगी आहेत. एकूण रक्कम व माल पोहोचण्याची अंदाजी तारीख आरंभीच दाखवावी, पाहुणा म्हणून खरेदी करण्याची मुभा ठेवावी आणि पिन कोड लिहिताच गाव व राज्य आपोआप भरले जावे, या सोयींचा उपयोग होतो.

पत्ता व पोहोचवणी : न पोहोचणाऱ्या पार्सलांचे एक मोठे कारण अपुरा पत्ता हे असते. भारतातील सहा अंकी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. डाक-तार खात्यातील अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर हे त्याचे जनक होत. त्यातील पहिला अंक विभाग दाखवितो, पहिले तीन अंक मिळून वर्गीकरणाचा जिल्हा निश्चित होतो आणि शेवटचे तीन अंक वाटप करणारे डाकघर दर्शवितात, उदा., कोल्हापूर शहराचे पिन कोड ४१६ या अंकांनी सुरू होतात. लिहिलेले गाव व पिन कोड यांचा मेळ नसल्यास माल पाठविण्यापूर्वीच ग्राहकाला विचारणे श्रेयस्कर असते. ग्रामीण पत्त्यात तालुका व जवळची खूण, तसेच चालू भ्रमणध्वनी क्रमांक यांचीही आवश्यकता असते.

रोखीच्या मागण्यांत परतीचे प्रमाण अधिक असण्याचे कारण उघड आहे : मागणी नोंदविताना ग्राहकाचे काहीच गुंतलेले नसते. तथापि अनोळखी दुकानाला आगाऊ पैसे देण्यास ग्राहक कचरतो, हेही तितकेच स्वाभाविक आहे. म्हणून रोखीची सोय एकदम बंद केल्यास विक्री घटते. मागणी आल्यावर दूरध्वनीने अथवा संदेशाने खात्री करून घेणे, आगाऊ भरणाऱ्यास लहानशी सूट देणे, किंमतीचा थोडा भाग आधी घेणे आणि माल निघाल्याची व पोहोचण्याच्या दिवसाची सूचना पाठविणे, हे मधले मार्ग होत. मागणी व माल मिळणे यांतील अंतर जितके वाढते, तितका ग्राहकाचा उत्साह मावळतो. यामुळे माल त्याच किंवा दुसऱ्या दिवशी रवाना करणे हाही परती कमी करण्याचा उपाय ठरतो.

वाहतुकीचा आकार प्रत्यक्ष वजन व आकारमानी वजन यांपैकी जे अधिक असेल त्यावर घेतला जातो. लांबी, रुंदी व उंची या सेंटिमीटरमधील मापांच्या गुणाकारास सामान्यतः ५,००० ने भागून आकारमानी वजन किलोग्रॅममध्ये काढतात. ३० × २० × १२ सेंमी. च्या खोक्याचे असे वजन १.४४ किग्रॅ. होते, तोच जोड तळाशी तळ लावून ३० × १४ × १० सेंमी. च्या खोक्यात बसविल्यास ते ०.८४ किग्रॅ. वर येते. दर बहुधा अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी वाढत असल्याने पहिल्या खोक्याला दीड किलोचा, तर दुसऱ्याला एक किलोचा आकार पडतो. योग्य मापाची दोन-तीन खोकी ठरवून घेणे ही एकदा करावयाची, पण प्रत्येक पार्सलामागे बचत देणारी सुधारणा होय.

साठा व खेळते भांडवल : साठा कमी पडल्यास विक्री हुकते व अधिक झाल्यास पैसा अडकतो. एका वेळी किती माल मागवावा यासाठी फोर्ड हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने १९१३ मध्ये सूत्र मांडले. वार्षिक विक्री व प्रत्येक खेपेचा खर्च यांच्या गुणाकाराची दुप्पट करून तिला एक नग वर्षभर सांभाळण्याच्या खर्चाने भागावे व येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ काढावे, असे ते सूत्र आहे. वर्षाला ६०० जोड खपत असतील, खेपेचा खर्च ३०० रु. व सांभाळण्याचा खर्च जोडामागे १०० रु. असेल, तर प्रत्येक खेपेस ६० जोड मागविणे काटकसरीचे ठरते. म्हणजे वर्षातून दहा खेपा होतात. कारागिराकडून माल येण्यास १५ दिवस लागत असल्यास तेवढ्या काळात खपणारे सु. २५ व अडीअडचणीसाठी १० असे ३५ जोड शिल्लक राहताच पुढची मागणी द्यावी लागते. हंगामी मालाला मात्र हे सूत्र जसेच्या तसे लागू पडत नाही. पावसाळ्यात चामडी चपलांचा खप घटतो व लग्नसराईत वाढतो. तेथे मागील वर्षांच्या नोंदी अधिक उपयोगी पडतात.

सर्व वस्तूंकडे सारखे लक्ष देणेही परवडत नाही. थोड्या वस्तूंतून बहुतांश विक्री होते, असे अनुभवास येते. म्हणून वस्तूंचे अ, ब व क असे तीन वर्ग पाडून अ वर्गातील वस्तू कधीही संपू न देणे आणि क वर्गातील न खपणाऱ्या वस्तू सवलतीत काढून टाकणे हितावह असते.

कारागिराला पैसे दिल्यापासून ग्राहकाचे पैसे हाती येईपर्यंतच्या काळास रोकड-चक्र म्हणता येईल. माल ३० दिवस मांडणीवर, रवाना होण्यास २, वाटेत ५ व रोख वसुली खात्यात जमा होण्यास ८ दिवस असे धरल्यास हे चक्र ४५ दिवसांचे होते. महिन्याला १०० जोड पाठविणाऱ्या दुकानाचे सु. ९७,५०० रु. त्यात गुंतून राहतात. चक्र ३० दिवसांवर आणल्यास ३२,५०० रु. मोकळे होतात. ज्या दुकानाची मासिक शिल्लक पाच हजार रुपयांची आहे, त्याच्या दृष्टीने ही रक्कम मोठी आहे. कारागिराचे पैसे थकविणे हा भांडवल वाचविण्याचा मार्ग काही ठिकाणी अवलंबिला जातो. परंतु त्यामुळे त्या कुटुंबावर ओढवणारी अडचण बाजूस ठेवली, तरी उत्तम कारागीर दुसऱ्याकडे वळतो व दुकानाचा आधारच नाहीसा होतो.

कामाची मांडणी : मागणी वाचणे, माल काढणे, तपासणे, बांधणे, चिठ्ठी लावणे व रवाना करणे ही कामे एकामागून एक सुटीसुटी न करता ठराविक वेळी एकत्रित केल्यास वेळ वाचतो. दुपारी एक वाजेपर्यंतच्या मागण्या त्याच दिवशी, त्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी असा नियम ठेवून तो ग्राहकालाही सांगता येतो. तुंबलेल्या कामाचे मोजमाप करण्यास जॉन लिटल याने १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम उपयोगी पडतो : सरासरी प्रलंबित कामे म्हणजे कामे येण्याचा वेग व प्रत्येक कामास लागणारा काळ यांचा गुणाकार. रोज ५ मागण्या येऊन तेवढ्याच रवाना होत असताना मांडणीवर ३० पार्सले पडून दिसत असतील, तर प्रत्येक मागणी सरासरी ६ दिवस थांबते. दुकानदाराला ‘थोडाच उशीर’ वाटणारी गोष्ट या नियमाने आकड्यात दिसते.

मोजमाप व प्रयोग : कोणती सुधारणा खरोखर उपयुक्त ठरली, हे मोजल्याविना कळत नाही. मोठ्या कंपन्या पानाच्या दोन आवृत्त्या निरनिराळ्या ग्राहकांना दाखवून तुलना करतात. लहान दुकानास हा मार्ग बहुधा उपलब्ध नसतो. खरेदीचे प्रमाण २ वरून २.४ टक्क्यांवर गेले, हा फरक योगायोगाचा नसून खरा आहे असे संख्याशास्त्राच्या रूढ निकषांनुसार म्हणण्यासाठी प्रत्येक आवृत्तीस २०,००० हून अधिक भेटी आवश्यक असतात. महिन्यास ५,००० भेटी असलेल्या दुकानाला त्यासाठी आठ महिन्यांहून अधिक काळ लागेल. बटणाचा रंग बदलून आठवडाभरात विक्री वाढली, यांसारखे निष्कर्ष म्हणूनच विश्वसनीय नसतात. त्याऐवजी परत आलेल्या प्रत्येक पार्सलाचे कारण नोंदविणे, महिन्यातून दहा-बारा ग्राहकांशी प्रत्यक्ष बोलणे आणि एखाद्या परिचितास आपल्यासमोर फोनवरून खरेदी करावयास सांगून तो कोठे अडतो ते पाहणे, या पद्धती अल्प खर्चात अधिक माहिती देतात.

जुना ग्राहक : पुन्हा येणाऱ्या ग्राहकासाठी जाहिरात-खर्च जवळजवळ लागत नाही, त्याचे माप व पत्ता ठाऊक असल्याने परतीही कमी होते. वरील उदाहरणात जाहिरात हा खरेदी सोडल्यास सर्वांत मोठा खर्च असल्याने १०० मागण्यांपैकी २० जुन्या ग्राहकांकडून आल्यास शिलकेत लक्षणीय फरक पडतो. तक्रारीचे त्वरित निवारण, माप विनासायास बदलून देणे आणि संमती घेऊन क्वचितच पाठविलेला उपयुक्त संदेश यांनी हा संबंध टिकतो. वारंवार पाठविलेल्या जाहिरातींनी तो तुटतो.

कायदेशीर बाजू : ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जुलै २०२० मध्ये ई-वाणिज्यविषयक नियम लागू झाले. त्यांनुसार विक्रेत्याचे नाव व पत्ता, एकूण किंमत, माल परत घेण्याच्या अटी आणि तक्रार-निवारण अधिकाऱ्याची माहिती देणे आवश्यक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत व निवारण एका महिन्यात व्हावे, अशी त्यांत तरतूद आहे. ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच्या मालाची स्तुती लिहिण्यास त्यांत मनाई आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या तेरा क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ‘शेवटचे दोनच नग शिल्लक’ अशी खोटी घाई निर्माण करणे, न विचारता टोपलीत वस्तू टाकणे व खर्च शेवटपर्यंत दडविणे यांचा त्यांत समावेश होतो. ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक साठवून ठेवण्यास विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२२ पासून बंदी आहे. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. दुसऱ्या राज्यात करपात्र माल विकणाऱ्यास उलाढाल लहान असली तरी सामान्यतः नोंदणी करावी लागते. काही अधिसूचित हस्तकलावस्तूंना मर्यादित सूट आहे. बाजारमंचावरून केवळ आपल्याच राज्यात माल विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून काही अटींवर नोंदणीची सक्ती नाही.

वाढीची मर्यादा : हस्तव्यवसायाशी निगडित दुकानाची वाढ अखेरीस कारागिराच्या हातांवर अवलंबून असते. मागणी एकाएकी वाढल्यास यंत्राचा वेग वाढविता येतो, हाताचा नव्हे. घाईने बनविलेला किंवा अन्यत्र खरेदी केलेला निकृष्ट माल पाठविल्यास परती वाढते व अस्सलपणाचा लाभ नष्ट होतो. अशा वेळी मागण्या मर्यादित संख्येत स्वीकारून प्रतीक्षेचा काळ आधीच सांगणे अधिक योग्य ठरते. लहान ऑनलाइन दुकानाची प्रगती किती पार्सले बाहेर गेली यावरून न मोजता, किती पार्सले ग्राहकाने ठेवून घेतली व त्या व्यवहारातून कारागीर आणि दुकानदार या दोघांनाही उदरनिर्वाहापुरते मिळाले की नाही, यावरून मोजणे उचित होय.